रंगावर जाऊ नका, ऐरण वाजवून घ्या



आपल्या कापसात १२ टक्क्यांवर ओलावा निघाला की सीसीआयच्या केंद्रावरून गाडी परत. आणि आपण जुन्या बाजारात ऐरण घेताना पाहतो काय? ताजा काळा रंग!

बिडाची ऐरण घणाखाली कडेने फुटते, पोलादी तोंडाची पिढ्या टिकते. बेअरिंगची गोळी हातभर उंचीवरून सोडा. चांगल्या पोलादावर पाऊण उंचीपर्यंत उसळेल, बिडावर मरेल. हातोडी मारा, नाद बद्द आला तर बीड तरी किंवा भेग तरी. मध्ये खड्डा असेल तर ‘ग्राइंडरने सपाट करून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम. कडक थर तेवढाच, तोच तो घासून टाकणार. व्हाइसचे आटेही फिरवून बघा.

एवढा खटाटोप कशाला? वाफसा तालुक्याच्या वर्कशॉपची वाट पाहत नाही. वखराची पास, तिफणीचे फण गावातच पाजवले पाहिजेत. लोहारदादाला एकट्याला झेपत नसेल तर वर्गणी काढा.

रुळाचा तुकडाही चालतो. पण लिलावाची पावती मागा. रेल्वेचा चोरीचा माल जवळ सापडला तर १९६६ चा कायदा विकणाऱ्याला शोधत बसत नाही, आधी तुम्हालाच धरतो.