नागपूर किती दूर?

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. पुणे आणि नागपूर या दोन शहरांवर पट्टी ठेवा. प्रमाणाप्रमाणे मोजले, तर हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर भरेल. हेच त्यांचे हवाई अंतर. रेल्वेने मात्र ते जवळजवळ ९०० किलोमीटर होते, कारण गाडी दौंडवरून मनमाडला जाते आणि मग भुसावळ, अकोला, वर्धा या मार्गाने नागपूरला पोहोचते. विमानाला डोंगर आणि नद्या आडव्या येत नाहीत. म्हणून लोक सहज म्हणतात, "विमानामुळे नागपूर तासावर आले." हे कितपत खरे आहे?

आपण हिशेब करू. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६०० किलोमीटर जायला ४५ मिनिटे पुरतील. पण वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो. असे का? विमान आधी सावकाश धावपट्टीकडे जाते. तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबते. उड्डाणानंतर ते हळूहळू उंच चढते. उतरण्याच्या बरेच आधी ते वेग कमी करू लागते. शिवाय त्याला ठरलेल्या हवाई मार्गानेच जावे लागते.

आणखी एक गोष्ट आहे. प्रवास विमानात सुरू होत नाही, तो घराच्या दारातून सुरू होतो. विमानतळ गाठायचा, दोन तास आधी हजर व्हायचे, तपासणी करून घ्यायची, उतरल्यावर सामानाची वाट पाहायची आणि मग शहरात जायचे. असे सगळे धरले, तर पाच तास सहज लागतात. तरीही रेल्वेच्या बारा-चौदा तासांपेक्षा ते कमीच आहेत. म्हणून लांबच्या आणि निकडीच्या प्रवासाला विमान ही मोठी सोय आहे. पण मुंबई आणि पुणे यांच्यातील हवाई अंतर सुमारे १२५ किलोमीटरच आहे. तेथे रेल्वे तीन-साडेतीन तासांत पोहोचवते. अशा जवळच्या प्रवासात विमानाने काय वाचणार?

आता गडचिरोलीच्या एखाद्या आजारी माणसाचा विचार करा. त्याला उपचारासाठी पुण्याला जायचे आहे. विमानासाठी त्याला आधी रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर दूर नागपूरला यावे लागेल. विमानाच्या दीड तासापेक्षा हाच प्रवास त्याला अधिक वेळ घेईल. तिकिटाचे पैसे जमवणे तर त्याहूनही कठीण!

म्हणून माझे मत असे, की केवळ विमानतळ बांधल्याने गावे जवळ येत नाहीत. विमानतळापर्यंत चांगला रस्ता हवा, वेळेवर बस हवी आणि भाडेही परवडणारे हवे. मित्रांनो, एखादे शहर "एका तासावर" आहे असे कोणी म्हटले, तर विचारा, "कोणाच्या घरापासून?"