ट्रॅक्टरचें इंजिन : बांधावें कीं बदलावें?

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत ट्रॅक्टर ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. ज्या घरीं पंधरा-वीस वर्षांपूर्वीं पहिला ट्रॅक्टर आला, त्या घरचा ट्रॅक्टर आज म्हातारा झाला आहे, आणि त्याच्या धन्यापुढें एक प्रश्न उभा आहे : इंजिन बांधून घ्यावें, दुसरें बसवावें, कीं ट्रॅक्टरच देऊन टाकून कर्जानें नवा आणावा? हा प्रश्न बहुधा मिस्त्रीच्या दारीं, मृगाच्या तोंडावर, घाईघाईनें सोडविला जातो. आमचें मत प्रारंभींच सांगून टाकतों. ज्या ट्रॅक्टरचा बाकीचा सांगाडा शाबूत आहे, त्याचें इंजिन एकदां पुरतें बांधून घेणें हाच बहुतेकांस किफायतीचा मार्ग आहे. आणि तो सोडून नव्या ट्रॅक्टरचें कर्ज अंगावर घेणारांपैकीं पुष्कळ जण तें शेजाऱ्याच्या ईर्षेनें किंवा मुलांच्या हौसेखातर घेतात.

किर्लोस्करांनीं सन १९०३ मध्यें लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीनें दोन वर्षे त्यास गिऱ्हाईक मिळालें नाहीं. तेव्हांचा शेतकरी यंत्र घेण्यास फार कचरत असे. आजचा मात्र जुनें यंत्र तपासून न पाहतांच नव्याच्या दुकानांत शिरतो.

पहिली गोष्ट, इंजिन खरोखर गेलें आहे काय हें पाहावें. काळा धूर येतो एवढ्यावरून इंजिन उघडण्यास सांगणारा मिस्त्री ऐकूं नये. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं. त्याचें कारण पुष्कळदां इंजेक्टर, डिझेल पंप किंवा तुंबलेला एअर क्लीनर असतो, व तें काम थोडक्या पैशांत होतें. निळा धूर, दर दोन-चार दिवसांनीं कमी होणारें ऑईल आणि ब्रीदरमधून जोरानें येणारी वाफ हीं तिन्ही लक्षणें एकत्र दिसलीं, तर मात्र रिंगा व लायनर झिजले असें समजावें. ऑईलचा दाब कमी दाखवूं लागला आणि खालून ठोका ऐकूं येऊं लागला, तर बेअरिंगे गेलीं. रेडिएटरच्या पाण्यांत ऑईल किंवा ऑईलमध्यें पाणी दिसल्यास प्रथम हेड व गॅस्केट पाहावें. सिलिंडरचें कॉम्प्रेशन मोजण्याचें साधन आहे. तें ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडेच तपासणी करवावी.

आमच्या काळ्या जमिनीची धूळ ही इंजिनची खरी वैरीण. उन्हाळ्यांत रोटाव्हेटर चालतो किंवा ऑक्टोबरांत सोयाबीनच्या मळणीयंत्रास ट्रॅक्टर जोडला जातो, तेव्हां इंजिन जी हवा ओढतें तींत माती व भुसा यांचा केवढा अंश असतो, हें ड्रायव्हरच्या कपड्यांवरून कळावें. एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणारी रबरी नळी चिरलेली किंवा तिचा पट्टा सैल असेल, तर ती धूळ गाळणीस वळसा घालून सरळ सिलिंडरांत जाते, आणि दहा हंगाम चालावयाचे लायनर दोन हंगामांत झिजतात. हा पट्टा किती रुपयांस मिळतो हें आम्ही सांगावयास नको. दुसरा वैरी बोरचें जड पाणी. तें रेडिएटरमध्यें ओतीत गेल्यानें क्षाराचा थर चढतो, इंजिन तापतें, व लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडतात. कूलंट घालणें ही चैन नव्हे.

आतां खर्चाकडे वळूं. आमच्याकडे 'हाफ इंजिन' व 'फुल इंजिन' असे दोन शब्द रूढ आहेत. हाफमध्यें रिंगा, पिस्टन, लायनर व बेअरिंगे बदलतात. फुलमध्यें यांशिवाय क्रँक घासून घेणें, हेडचें काम, व्हॉल्व्ह व त्यांच्या गाइड, ऑईल पंप, डिझेल पंप व इंजेक्टर यांचें काम येतें. स्वस्त म्हणून हाफ करणारा बहुधा फसतो. वर नवे पिस्टन व रिंगा बसल्या म्हणजे दाब वाढतो. तो सोसणारा क्रँक मात्र जुनाच, कोठें कोठें लंबगोल झिजलेला. त्यावर नवें बेअरिंग टिकत नाहीं. तथापि हाफ सर्वथा वाईट असेंहि नाहीं. क्रँक मायक्रोमीटरनें मोजून तो कंपनीनें दिलेल्या मर्यादेंत भरला, तर तो घासण्याचें कारण नाहीं. मापें कागदावर लिहून द्या, असें मिस्त्रीस सांगावें. जो मोजीत नाहीं व नखानें चाचपून 'चालतंय' म्हणतो, त्याच्या हातीं क्रँक देऊं नये.

हिशेबासाठीं एक उदाहरण घेऊं. आंकडे धरलेले आहेत, वाचकांनीं त्यांच्या जागीं आपापले घालावे. तीन सिलिंडरच्या, ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचें फुल इंजिन ९०,००० रुपयांस झालें आणि तें पुढें ४,००० तास चाललें, तर तासास साडेबावीस रुपये पडले. हाफ ४०,००० रुपयांत झालें व १,२०० तासांत पुनः उघडावें लागलें, तर तासास तेहतीस रुपयांवर गेले. शिवाय दुसऱ्यांदां इंजिन उघडलें तें ऐन पेरणींत. आतां नवा ट्रॅक्टर ८,००,००० रुपयांचा धरूं. बिघडल्या इंजिनचा जुना १,७५,००० ला गेला. उरले ६,२५,०००, तें कर्ज, दरसाल दहा टक्के व्याजानें, पांच वर्षांचें. पहिल्या वर्षीं मुद्दलाचे १,२५,००० व व्याजाचे ६२,५००. पांच वर्षांचें व्याज १,८७,५००, म्हणजे नुसत्या व्याजांत दोन फुल इंजिनें होऊन पैसे उरतात. हेंच सोयाबीनच्या मापानें मोजावें. सन २०२५-२६ साठीं केंद्र सरकारनें सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलास ५,३२८ रुपये ठरविला. त्या भावानें फुल इंजिन सुमारें १७ क्विंटलांस पडतें, आणि नव्या ट्रॅक्टरचा पहिल्या वर्षाचा हप्ता ३५ क्विंटलांस. लातूरच्या अडतीवर हा भाव पदरांत पडलाच नाहीं, तर क्विंटल आणखी वाढतात. इंजिनचे १७ क्विंटल एकदांच द्यावयाचे असतात. हप्ता मात्र पाऊस न पाहतां दरवर्षीं येतो, आणि त्यास जमीन तारण असते.

सरकारी धोरणाविषयींहि थोडें बोललें पाहिजे. सन २०१४-१५ पासून कृषि यांत्रिकीकरणाचें जें उपअभियान चालू झालें, त्यांत नव्या ट्रॅक्टरला अनुदान आहे. आमच्या राज्यांत तें सव्वा लाखापर्यंत मिळतें. जुन्या ट्रॅक्टरचें इंजिन बांधणारास असें अनुदान नाहीं. याचा परिणाम उघड आहे : अनुदानाच्या सव्वा लाखासाठीं मनुष्य सहा लाखांचें कर्ज काढतो. दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, याचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्याच दिवशीं ट्रॅक्टरचें डिझेल इंजिन, मागील टायर व हायड्रॉलिक पंप यांवरील कर १८ वरून ५ टक्के झाला, हें कितीजणांनीं वाचलें? सगळ्याच सुट्या भागांचा दर एक नाहीं. म्हणून पक्कें बिल मागून त्यावरील कराचा आंकडा वाचावा. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवितांना पीककर्जाच्या रकमेवर २० टक्के शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठीं धरण्याची तरतूद आहे, तीहि बँकेंत आठवण करून देण्याजोगी आहे. इंजिनसाठीं सावकाराकडे जाण्याचें मग कारण उरत नाहीं.

देशानेंहि आरंभ असाच केला होता. युद्धानंतर अमेरिकन सैन्यानें मागें टाकलेले ट्रॅक्टर दुरुस्त करूनच केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनें मध्य भारतांतील कांसानें ग्रासलेल्या जमिनी नांगरण्यास हात घातला. नव्या यंत्रांसाठीं जागतिक बँकेचें एक कोटि डॉलरचें कर्ज त्यानंतर, १९४९ मध्यें, मंजूर झालें.

नवा ट्रॅक्टर घेणें योग्य असे प्रसंगहि आहेत. गिअरबॉक्स, डिफरेन्शियल व हायड्रॉलिक हीं तिन्ही कुरकुरत असतील, तर इंजिनवर लाख रुपये घालणें म्हणजे पडक्या वाड्यास नवा दरवाजा. मांजरा किंवा भाऊराव चव्हाण कारखान्याच्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढावयाच्या आणि ट्रॅक्टर पस्तिसाचा, तर तेथें कामच मोठें झालें आहे. भाग मिळण्याचाहि विचार करावा. पिंजोरचा एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०१६ मध्यें संमति दिली; त्या ट्रॅक्टरांचे भाग अन्य कारखान्यांचे घ्यावे लागतात, व त्यांची पारख हवी.

सन २०२५ च्या ऑगस्टांत मुखेड तालुक्यांत व सप्टेंबरांत उभ्या मराठवाड्यांत जो पूर आला, त्यानें आणखी एक गोष्ट शिकविली पाहिजे. पाण्यांत बुडालेला ट्रॅक्टर ओसरल्याबरोबर सुरू करूं नये. पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत तें शिरलेलें असतां सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वांकतो, आणि चार-पांच हजारांचें काम लाखावर जातें. प्रथम बॅटरी सोडावी, इंजेक्टर काढून इंजिन हातानें फिरवावें, ऑईल, डिझेल व गाळण्या सर्व बदलाव्या. विमा असेल तर हात लावण्यापूर्वीं कंपनीस कळवावें.

इंजिन बांधण्याचा हंगाम आपण निवडावा. एप्रिल-मेमध्यें प्रत्येक मिस्त्रीच्या दारीं रांग असते व काम उरकलें जातें. ज्यांचा ट्रॅक्टर उसावर नाहीं त्यांनीं रब्बीची पेरणी आटोपली कीं डिसेंबर-जानेवारींत काम काढावें. काढलेले जुने भाग मोजून घरीं आणावे. बांधल्यावर पहिले पन्नास तास हलक्या कामावर चालवून ऑईल बदलावें, मगच नांगरास जुंपावें.

बाजारांतून दुसऱ्या ट्रॅक्टरचें जुनें इंजिन आणून बसविणारांस मात्र सावध करणें अवश्य आहे. तें किती तास चाललें हें कोणी सांगूं शकत नाहीं, आणि इंजिनचा नंबर नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. तो बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयांत केली नाहीं, तर पुढें विक्रीच्या वेळीं व विम्याच्या दाव्यांत अडचण येते. तें इंजिन चोरीचें निघालें तर अडचण निराळीच. म्हणून विकणाराचें नांवगांव असलेली पावती, जुन्या ट्रॅक्टरच्या कागदांची नक्कल व नंबराचा ठसा हे तिन्ही हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत.