हरळीचीं मुळें

स्वादुपिंडाचा कर्करोग औषधानें ओसरला तरी पुन्हां कां उद्भवतो? अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत २००७ सालीं झालेल्या संशोधनानें याचें एक कारण सुचविलें. तपासलेल्या गांठींत हजारांपैकीं दोन ते आठच पेशी मूलपेशींच्या धर्माच्या, म्हणजे नवी गांठ उपजविण्यास विशेष समर्थ, आढळल्या. तसल्या अवघ्या शंभर पेशी टोंचल्या असतां निम्म्या उंदरांत गांठ वाढली. त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका संशोधनांत अशा पेशी जेम्सिटाबीन या औषधास दाद देईनात. पातें कापल्यानें हरळी मरत नाहीं, हें शेतकरी जाणतोच. म्हणून उतारवयांत विनाकारण वजन घटूं लागलें, नव्यानें मधुमेह जडला किंवा कावीळ दिसली, तर वाचकांनीं विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें. मुळें पसरण्यापूर्वींच खुरपें चालवावें लागतें.