सीडी डिजिटल करून घ्यायला पैसे मोजावेत का? वडशातल्या ११२ डिस्कचा हिशोब

जानेवारी २०२४ मध्ये रेसो भारतात बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २०२० मध्ये गुगल प्ले म्युझिक गेलं होतं. प्रत्येक वेळी लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्टचं काय, हा प्रश्न उरला. आपण म्हणतो ‘गाणी माझ्या फोनमध्ये आहेत’, पण खरं तर ती भाड्याने राहतात. ॲप गेलं की डाउनलोड केलेली गाणीही गेली.

म्हणून मागच्या दिवाळीत घरी, वडशाला गेलो तेव्हा बाबांच्या कपाटातलं सीडीचं खोकं मी वेगळ्या नजरेने पाहिलं. मोजल्या तर ११२ डिस्क निघाल्या. बाबा म्हणाले, “तू कंप्युटरचा इंजिनिअर ना? मंग टाकून दे ना मोबाईलात.” माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. सुट्टी चार दिवसांची. मी शॉर्टकट घेतला आणि शहरातल्या एका डिजिटायझेशन सर्व्हिसला खोकं देऊन टाकलं. दर ४० रुपये डिस्क, एकूण ४,४८० रुपये. पैसे वाया गेले असं नाही म्हणणार. पण कुठे द्यायचे आणि कुठे नाही, ते मला नंतर कळलं.

खोक्यात नेमकं काय होतं?

आधी हेच बघायला हवं होतं. कारण सगळ्या सीडी सारख्या नसतात.

पहिला गठ्ठा ७१ विकतच्या ऑडिओ सीडींचा. भावगीतं, नाट्यगीतं, हिंदी सिनेमे. ऑडिओ सीडीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून, १६ बिटमध्ये, दोन चॅनेलवर साठवलेला असतो. गुणाकार करा, साधारण १,४११ केबीपीएस येतात. १२८ केबीपीएसची एमपीथ्री त्याच्या अकराव्या हिश्श्याएवढी असते. उरलेला आवाज कायमचा कापला जातो.

दुसरा गठ्ठा २४ एमपीथ्री सीडींचा. एका डिस्कवर शंभर-दीडशे गाणी, बसस्टँडवर मिळायच्या त्या. यांना ‘डिजिटल करणं’ असं काही नसतंच. त्या डेटा डिस्क आहेत. पेनड्राइव्हसारख्या फाइल कॉपी करायच्या, संपलं. याचेही मी ४० रुपये दिले. म्हणजे ९६० रुपये निव्वळ कॉपी-पेस्टचे!

तिसरा गठ्ठा १७ घरी बर्न केलेल्या डिस्कचा. त्यातल्या १२ डिस्कवर तीन झाडीपट्टी नाटकं आणि उरलेल्या पाचवर घरातली लग्नं-बारशी.

तिसरा गठ्ठा महत्त्वाचा का?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जंगलपट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. शंकरपट, मंडई, काहीतरी निमित्त असतं. या नाटक कंपन्यांचं बुकिंगचं मुख्य ठिकाण म्हणजे आमचं वडसा. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अख्ख्या झाडीपट्टीला आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं.

बाबा काही सीझन नाटकात ऑर्गन वाजवायचे. एका साउंडवाल्याने मिक्सरवरून रेकॉर्ड करून त्या प्रयोगांच्या सीडी बनवून दिल्या होत्या. रात्रभराचं नाटक, म्हणून एका नाटकाला चार डिस्क.

आता विचार करा. आजच्या नाटकांचे व्हिडिओ यूट्यूबवर सापडतात, कारण २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला. पण साधारण २००० ते २०१६ हा मधला काळ सीडी आणि व्हीसीडीत अडकलेला आहे. विकतच्या ७१ सीडींतली बहुतेक गाणी मला आजही कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडली. या १२ डिस्कवरचं काहीही कुठेही नाही.

आणि नेमक्या याच डिस्क सगळ्यात नाजूक असतात. विकतच्या सीडीत डेटा साच्याने प्लास्टिकमध्ये ठसवलेला असतो. बर्न केलेल्या सीडीत लेझर एका रंगाच्या थरावर खुणा करतो, आणि तो थर ऊन-उष्णतेने खराब होतो. शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव दर उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत असतं, त्यामुळे आमच्या कपाटाची अवस्था समजून घ्या. शिवाय सीडीचा डेटा लेबलच्या बाजूला, अगदी पातळ आवरणाखाली असतो. बाबांनी त्यावर बॉलपेनने दाबून नावं लिहिली होती.

पैसे देऊन काय मिळालं?

पेनड्राइव्हमध्ये सगळं १२८ केबीपीएस एमपीथ्री. नाटकांच्या फाइलची नावं ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. पाच डिस्कवर ‘खराब’ अशी चिठ्ठी. ज्या ‘चांगल्या’ होत्या त्यातही अधेमधे टकटक आवाज. चूक झालीय का हे तपासणारा मोड न वापरता, एका दमात भराभर वाचलेल्या डिस्कचा आवाज असाच येतो.

मग मी साधारण दीड हजाराचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घेतला आणि मित्राचा जुना डेस्कटॉप मागून आणला. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते शंका आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि शेवटी कुठे चूक राहिली त्याचा रिपोर्ट देतं. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसल्या, गोल गोल नाही. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचू शकतो, म्हणून दोन्हीवर लावून पाहिल्या. पाचपैकी तीन वाचल्या. चौथी लग्नाची होती, तिचे फोटो तरी आहेत. पाचवी एका नाटकाची तिसरी डिस्क. ती गेली. त्या नाटकाचा तेवढा भाग आता कुठेच नाही.

मग पैसे द्यावेत का?

माझं मत असं:

- एमपीथ्री आणि डेटा सीडी: अजिबात देऊ नका. ड्राइव्ह मागून आणा, कॉपी करा.
- विकतच्या ऑडिओ सीडी: वेळ नसेल तर द्या. पण फ्लॅक फॉरमॅटच मागा. त्यात आवाज कापला जात नाही आणि जागा मूळच्या साधारण निम्मी लागते. एमपीथ्री घेऊन नंतर तिची फ्लॅक केली तर गेलेला आवाज परत येत नाही.
- घरी बर्न केलेल्या डिस्क: आधी स्वतः प्रयत्न करा. जमलं नाही तर द्या, पण चुकांचा रिपोर्ट मिळणार का, दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करणार का, हे आधी विचारा. आधी दोन-तीन डिस्क देऊन काम बघा. मूळ डिस्क परत घ्याच.

सगळं झालं की तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. माझी एक वडशाला आहे, एक माझ्याकडे आणि एक क्लाउडवर.

कायद्याचंही बघा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या उचित वापराला सूट आहे. यूट्यूबवर टाकणं हा खासगी वापर नाही. नाटकावर लेखकाचा हक्क असतो आणि कलावंतांनाही कलम ३८ खाली हक्क आहेत. म्हणून ती नाटकं मी अपलोड केलेली नाहीत. बाबा कंपनीच्या जुन्या लोकांना विचारताहेत.

जे कुठलीच सर्व्हिस देत नाही

ऑडिओ सीडीत गाण्यांची नावं सहसा नसतातच. सॉफ्टवेअर ट्रॅकची लांबी बघून ऑनलाइन यादीतून नावं शोधतं. झाडीपट्टी नाटक त्या यादीत असणार कुठून? म्हणून ‘ट्रॅक ०१’.

शेवटी एका रविवारी मी आणि बाबा हेडफोन न लावता, स्पीकरवर सगळं ऐकत बसलो. “हा तबला कोनाचा, सांगतो थांब.” “हे गाव आरमोरीकडचं, त्या रात्री लाइट गेली होती.” मी टाइप करत गेलो: नाटक, गाव, साल, कोण गातंय, कोण वाजवतंय. दोन नावं बाबांना आठवली नाहीत, तेव्हा त्यांनी जुन्या सोबत्याला फोन लावला. त्याला एक आठवलं.

डिस्क अजून काही वर्षं टिकेलही. नावं आठवणारी माणसं आत्ता घरात आहेत. सुरुवात तिथून करा.