दोष दाखविणाऱ्याची देखभाल

आमच्या वाचकवर्गातील बहुतेक घरांतून आज एखादा तरी मुलगा वा सून पुण्यास, बंगळुरास अथवा परदेशी संगणकाच्या धंद्यात आहे. तो काय करितो असे विचारिले असता ‘सॉफ्टवेअर’ एवढे एकच उत्तर मिळते, व वडील मंडळी त्यावर मान डोलावून गप्प बसतात. वेतन किती हे सर्वांस ठाऊक असते. काम कोणते हे कोणासही ठाऊक नसते. या खेपेस त्या कामाच्या एका लहानशा, परंतु वेतनाशी काडीमात्र संबंध नसलेल्या भागाविषयी लिहावयाचे योजिले आहे. वरवंडास बसून या विषयावर लिहिणारा मास्तर कोण, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच की, विषय चुका दाखविण्याचा आहे, आणि त्या धंद्यात आमचे आयुष्य गेले.

संगणकास आपली भाषा कळत नाही व त्याची भाषा आपणांस कळत नाही. यास्तव मध्यंतरी एक ठराविक व्याकरणाची भाषा रचिलेली असते. मनुष्य तीत प्रोग्राम लिहितो आणि कंपायलर नावाचा दुभाषी त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करितो. फोरट्रान भाषेचा असा कंपायलर १९५७ साली अमेरिकेत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला. हा दुभाषी वैयाकरणाहूनही कर्मठ. एक चिन्ह गळले की तो पुढे जाण्याचे साफ नाकारतो. अशा भाषांचे नियम मांडण्याच्या एका पद्धतीस बॅकस यांचे नाव आहे. त्यास पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना १९६७ साली इंगरमन नामक गृहस्थाने केली होती. ती रूढ झाली नाही. परंतु अष्टाध्यायी घोकलेल्या मनुष्यास ती वाचून बरे वाटते, हे लपवीत नाही.

पूर्वी चूक कळावयास फार काळ लागे. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी प्रोग्राम लिहावयाचा तो कार्डांस भोके पाडून. एका कार्डावर एक ओळ, फार तर ऐंशी अक्षरांची. कार्डांचा गठ्ठा स्वाधीन करावा, पाळीची वाट पाहावी, आणि काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, छापील कागद हाती यावा तो त्यात एवढेच असावे की, अमुक ओळीत स्वल्पविराम नाही. एका स्वल्पविरामास एक दिवस!

शाळेतील शुद्धलेखनाच्या वह्यांची गोष्ट याहून निराळी नाही. मुलगा सोमवारी लिहितो, मास्तर पुढील सोमवारी तांबड्या शाईने खुणा करितो, आणि तोवर तो ‘आशीर्वाद’ ऱ्हस्व शि काढून दहा ठिकाणी लिहून बसलेला असतो. उलट वेदपाठशाळेत शिष्याचा स्वर ढळला की गुरूचा हात तत्क्षणी वर होतो, व शिष्य तेथेच थांबून तो शब्द पुन्हा म्हणतो. क्रम, जटा, घन इत्यादी पाठांची योजनाही अशीच; शब्द उलटसुलट इतके वेळा म्हणावयाचे की चुकलेले अक्षर लपून राहूच नये. चूक तीच, परंतु ती केव्हा कळते यावर तिची किंमत ठरते.

संगणकाच्या क्षेत्रात हा गुरूचा हात हळूहळू जवळ आला. १९७८ मध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचा तपासनीस लिहिला. कंपायलर ज्यांकडे कानाडोळा करी अशा संशयास्पद जागाही तो दाखवी. १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये लिहिण्याची पाटी व कंपायलर एकत्र आले, व चुकीच्या जागेवर लेखकास नेऊन उभे करण्याची सोय झाली. पुढे ‘व्हिम’ या लेखनसाधनासाठी मार्टिन ग्रेनफेल यांनी २००९ साली ‘सिंटॅस्टिक’ नावाचे जोडयंत्र केले. त्याचे काम असे: आपण लिहिलेले जतन केले, म्हणजे ‘सेव्ह’ केले, की ते त्या त्या भाषेच्या कंपायलरास अथवा तपासनिसास हाक मारी, त्याचा कबुलीजबाब वाची, व ज्या ओळीत दोष असेल तिच्या समासात खूण करी.

येथे एक बारकावा आहे, आणि देखभालीचे सारे दुःख त्यात आहे. हे उपकरण स्वतः व्याकरण जाणत नाही. कंपायलर जे बोलतो ते ऐकून ते समासात मांडते. कंपायलर साधारणतः प्रथम फाइलीचे नाव सांगतो, मग ओळीचा आकडा, मग दोषाचे वर्णन. उपकरणात या वाक्याचा साचा बसविलेला असतो. उद्या कंपायलरच्या नव्या आवृत्तीने वाक्याची ठेवण किंचित बदलली की साचा जुळत नाही. मग काय होते? काहीच होत नाही. समास कोरा राहतो, आणि लिहिणारा समजतो की आपले लेखन निर्दोष!

आमच्या गावाजवळून खडकवासल्याच्या पाण्याचा कालवा जातो. त्याची निगा राखणाऱ्यांची आठवण पाणी बंद झाल्याशिवाय कोणास होत नाही. परंतु पाणी बंद झाले हे निदान दिसते तरी. येथे बिघाड आणि यश यांचे तोंड एकच. परीक्षक गैरहजर असावा आणि मुलांनी पेपरावर तांबडी खूण नाही म्हणून पेढे वाटावे, तशातला प्रकार.

आमचा एक पुतण्या नोकरीखेरीज रात्री अशाच एका लहान उपकरणाची फुकट देखभाल करितो. घरात यावर पुष्कळ बोलणे झाले. वहिनींचे म्हणणे, “जे काम करून दमडी मिळत नाही त्यासाठी डोळे कशास फोडावे?” ते अगदीच टाकाऊ नाही, परमुलखातील कोणी अपरिचित मनुष्य “कालपासून चुका दिसत नाहीत, ताबडतोब दुरुस्त करा” असे लिहितो, व त्यात नमस्कारही नसतो. मी त्यास विचारिले, बिघाड जर मूक असतो तर तुला तो कळतो कसा? तो म्हणाला, “काका, आम्ही मुद्दाम चुकीचे लिहिलेले प्रोग्राम जपून ठेवितो. प्रत्येक फेरफारानंतर ते उपकरणापुढे टाकावयाचे. त्यात चूक दिसली नाही, तर चूक आमची.” अशुद्ध वाक्यांचा संग्रह इतक्या निष्ठेने राखणारा मनुष्य माझ्या पाहण्यात दुसरा नाही. वहिनींस मी सांगितले की, हे व्यसन असले तरी मास्तरकीचे आहे, व ते कुळात आहे.

अशा कामास शेवट असतो, हेही खरे. सिंटॅस्टिक तपासणी चालू असता लिहिणाऱ्यास खोळंबून ठेवी. २०१६ साली व्हिमच्या आठव्या आवृत्तीत पडद्याआड काम करून घेण्याची सोय झाली, व तिचा लाभ घेणारे ‘एएलई’ नावाचे नवे उपकरण पुढे आले. कालांतराने सिंटॅस्टिकच्या सांभाळकर्त्यांनी, आता याची देखभाल होत नाही, एएलई वापरावे, असे स्वतःच जाहीर केले. मला हे वर्तन फार सभ्य वाटते. मोडके उपकरण चालू असल्याचे सोंग आणण्यापेक्षा पाटी लावून दुसऱ्याचे घर दाखविणे बरे. कोऱ्या समासावर विसंबणाऱ्यांचे नुकसान टळते. स्वतः व्हिमचे कर्ते ब्राम मूलेनार यांनी १९९१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ आपले साधन सांभाळिले; ज्यांस ते उपयोगी वाटेल त्यांनी युगांडातील किबाले येथील मुलांस साहाय्य करावे एवढीच त्यांची मागणी. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते वारले. काम स्वयंसेवकांनी उचलले, कारण ते त्यांच्या परिचयाचे होते.

पुतण्यास मी हेच विचारिले, की उद्या तू आजारी पडलास तर? तेव्हापासून त्याने नाशिकच्या एका मुलीस हाताखाली घेतले आहे. तीही नोकरी करून रात्री बसते. पहिल्या दिवशी तिने कंपायलरची पोथी मागितली नाही. ते चुकीच्या प्रोग्रामांचे दप्तर प्रथम मागितले, आणि त्यात आपल्याकडील सात नवीन चुका घातल्या. त्यांपैकी दोन उपकरणास दिसल्याच नाहीत.