शहरालगतचा शेतीधंदा: तरुणांनी कर्जाआधी हद्द आणि हंगाम तपासावा

केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात मोठ्या शहरांजवळ भाजीपाल्याचे मोठे उत्पादन समूह उभारण्याची घोषणा झाली. भाजी गोळा करणे, साठवणे आणि विकणे या कामांत शेतकरी उत्पादक संस्था, सहकारी संस्था आणि स्टार्टअप यांना प्रोत्साहन देण्याचेही त्यात जाहीर झाले. कल्पना जुनीच आहे. २०११-१२ च्या अर्थसंकल्पातही महानगरांजवळच्या भाजीपाला समूहांसाठी ३०० कोटी रुपये ठेवले होते. आता या घोषणेकडे रोजगाराच्या दृष्टीने पाहिले जात आहे, हा फरक आहे.

त्याचे कारण आकड्यांत दिसते. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारी देशात १०.२ टक्के, तर शहरी भागात १४.७ टक्के होती. त्याच वर्षी देशातील सुमारे ४६ टक्के कामकरी लोक शेती आणि संलग्न व्यवसायांत होते. म्हणजे शेतात माणसे आधीच जास्त आहेत. नवे काम निघायचे तर ते पीक निघाल्यानंतरच्या टप्प्यांत निघेल: प्रतवारी, पॅकिंग, शीतगृह, वाहतूक, प्रक्रिया, रोपवाटिका आणि विक्री. ही कामे गिऱ्हाइकाजवळ, म्हणजे शहराच्या आसपास, जास्त असतात.

सोनीपतकडून काय शिकावे?

दिल्लीला लागून असलेल्या हरियाणातील सोनीपत जिल्ह्यात हे पाहायला मिळते. येथील अटेरना गाव बेबी कॉर्नसाठी ओळखले जाते. त्या कामासाठी गावातील शेतकरी कंवल सिंह चौहान यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. बेबी कॉर्नचे पीक साधारण दोन महिन्यांत निघते, कणसे बाजारात जातात आणि उरलेला हिरवा भाग जनावरांना चारा होतो. याच जिल्ह्यात हिवाळ्यात बटण अळिंबीचीही मोठी लागवड होते. कंपोस्टसाठी गव्हाचा पेंढा जवळ मिळतो आणि दिल्लीची आझादपूर बाजार समिती काही तासांवर आहे. साध्या तापमानात अळिंबी एक-दोन दिवसांतच काळवंडते, म्हणून हे अंतर महत्त्वाचे ठरते.

पण अडचणही तिथेच आहे. साध्या झोपडीवजा शेडमधली अळिंबी थंडीतच येते. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात उतरला की भाव पडतो आणि हंगाम संपला की तोडणी-पॅकिंगचे कामही थांबते. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने चालू असतो. ज्याच्याकडे माल टिकवण्याची सोय आहे, म्हणजे शीतकक्ष, वाळवण, लोणचे किंवा डबाबंद प्रक्रिया, त्यालाच वर्षभर काम देता येते.

योजनेच्या लेखी आपली जागा शहरात की गावात?

शहरालगत राहणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. २०११ च्या जनगणनेत देशात ३,८९४ जनगणना शहरे नोंदली गेली; २००१ मध्ये ती १,३६२ होती. ही वस्ती दिसायला शहरी असते, पण तिला नगरपालिका नसते. कारभार बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीकडेच असतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात हा फरक थेट पैशांत उतरतो. २०२२ च्या बदलानुसार पंचायत राज संस्थांखालील क्षेत्र ग्रामीण आणि नगरपालिकेखालील क्षेत्र शहरी धरले जाते. सर्वसाधारण प्रवर्गाला ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर शहरी भागात १५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक आदी विशेष प्रवर्गांसाठी हे प्रमाण अनुक्रमे ३५ आणि २५ टक्के आहे. १० लाखांच्या प्रकल्पात केवळ हद्दीमुळे एक लाख रुपयांचा फरक पडतो.

हद्द बदलतही असते. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. गावातल्या शेडचा पत्ता तोच राहिला, पण नोंद शहरात गेली. आपल्या गावाच्या समावेशाची चर्चा चालू असेल तर अर्ज करताना उद्योगाच्या जागेची सध्याची स्थिती लेखी घ्या.

कोणत्या कामाला कोणती योजना?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या उद्योगासाठी आहे. उत्पादन उद्योगासाठी ५० लाख, तर सेवा व्यवसायासाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प चालतो. नुसती पीक लागवड यात बसत नाही, मूल्यवर्धन बसते. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, मात्र शेडचे भाडे जास्तीत जास्त तीन वर्षांचे धरता येते. ज्यांच्याकडे स्वतःची जागा नाही, त्यांनी हा मुद्दा विसरू नये.

पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. स्वतःचा वाटा किमान १० टक्के लागतो. येथे शहर-गाव असा भेद नाही. त्यामुळे नगरपालिका हद्दीतील सर्वसाधारण प्रवर्गाच्या अर्जदाराला अन्न प्रक्रियेसाठी ही योजना अधिक फायद्याची ठरते. बचत गटाच्या सदस्यांना खेळते भांडवल आणि लहान साधनांसाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलही मिळू शकते.

अळिंबी पिकवायचीच असेल तर एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाची चौकशी जिल्हा फलोत्पादन कार्यालयात करा. कृषी पदवी किंवा पदविका असलेल्यांसाठी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत ४५ दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण आहे. हातगाडीवर भाजी-फळे विकणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. ऑगस्ट २०२५ च्या निर्णयानुसार पहिला हप्ता १५ हजार, दुसरा २५ हजार आणि तिसरा ५० हजार रुपये आहे. तिची व्याप्ती टप्प्याटप्प्याने जनगणना शहरे व शहरालगतच्या भागांपर्यंत वाढवली जाणार आहे.

अनुदान हातात रोख मिळत नाही

येथे अनेकांचा गैरसमज होतो. रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान बँकेत तीन वर्षे आपल्या नावे ठेवले जाते आणि नंतर कर्जखात्यात वळते होते. त्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही, पण धंदा बंद पडला किंवा हप्ते थकले तर अनुदान धोक्यात येते. अन्न प्रक्रिया योजनेतही उद्योग चालू आणि कर्जखाते नियमित असणे आवश्यक आहे. म्हणून अनुदान वजा करून हप्त्याचा हिशेब मांडू नका. पूर्ण कर्ज आणि मंदीच्या महिन्यांतली विक्री धरून मांडा.

प्रत्येकाने उद्योजक व्हावे का?

यातल्या बहुतेक योजना कर्जातून उभ्या राहतात. ज्या तरुणाकडे जागा, अनुभव किंवा पाच-दहा टक्के स्वतःचा वाटा नाही, त्याच्यासाठी आधी पगारी काम हा कमीपणा नव्हे. शीतगृहात, रोपवाटिकेत किंवा प्रक्रिया केंद्रात एक-दोन हंगाम काम केल्यावर नासाडी किती होते, उधारी कशी अडकते आणि भाव कधी पडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. कृषी विज्ञान केंद्रांत आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत अळिंबी, मधमाशीपालन, कुक्कुटपालन, प्रक्रिया अशी प्रशिक्षणेही होतात. समूह उभारताना अशा नोकऱ्या किती आणि बारमाही किती, हेही सरकारने मोजले पाहिजे. केवळ मंजूर कर्जप्रकरणांच्या संख्येवरून रोजगार कळत नाही.

अर्ज करण्यापूर्वी

- उद्योगाची जागा ग्रामपंचायतीत आहे की नगरपालिकेत, याचा दाखला घ्या.
- किमान दोन खरेदीदारांशी बोला. केवळ बाजार समितीच्या भरवशावर राहू नका.
- वर्षातले किती महिने काम चालेल आणि उरलेल्या महिन्यांत हप्ता कशातून भराल, हे कागदावर लिहा.
- उद्यम नोंदणी मोफत आहे. अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प अहवाल आणि बँकेच्या कामासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात, त्यांचे मानधन सरकार देते. मंजुरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.
- रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि अन्न प्रक्रिया योजना या दोन्हींची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची आहे. अर्ज स्वीकारणे चालू आहे का, हे योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच कागदपत्रे जमवा.