नौका सज्ज करणारे हात

होळी झाली की पश्चिम किनाऱ्यावरील वाऱ्याचा स्वभाव पालटू लागतो. पौष-माघात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा क्षीण होत जातो आणि दुपारनंतर वायव्येच्या अंगाने येणारा खारा वारा दिवसेंदिवस बळावतो. शिडावर चालणाऱ्या नौकेच्या दृष्टीने फाल्गुनापासून वैशाखाच्या मध्यापर्यंतचा हा काळ म्हणजे हंगामाचा अखेरचा आणि बहुधा सर्वांत भरघोस वाऱ्याचा टप्पा. पुढे नैर्ऋत्येकडून लाटा चढू लागल्या की नौका ओढून शाकारावी लागते. थंड देशांत हिवाळाभर नौका जमिनीवर ठेवतात आणि वसंत ऋतूत त्यांना नवे रूप देऊन पाण्यात सोडतात. आपल्याकडे पावसाळा हाच नौकांचा हिवाळा, आणि नारळी पौर्णिमा हा त्यांचा पाडवा. तरी वसंतातील सज्जता आपल्या दर्यावर्दींनाही चुकलेली नाही. पाच-सहा महिने खाऱ्या पाण्यात वावरलेली नौका वायव्येच्या जोरदार वाऱ्यास तोंड देण्यापूर्वी उधाणाच्या भरतीला काठावर चढवायची, ओहोटीत तिचा तळ पाहायचा आणि मगच पुढच्या सफरीचा विचार करायचा, हा जाणत्यांचा नियम होता.

हा नियम मोडला तर वारा कोणाचीही गय करीत नाही. १६६५ च्या फेब्रुवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणहून बसरूरवर सागरी स्वारी केली. इंग्रज वखारवाल्यांच्या नोंदींप्रमाणे त्या ताफ्यात ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे होती. जाताना वारा पाठीशी होता. परतताना मात्र वायव्येच्या वादळी वाऱ्यामुळे अनेक दिवस खोळंबा झाल्याचे ग्रँट डफ याने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. ज्या आरमाराने असे दिवस सोसले, त्याच्या फळ्या, दोर आणि डोलकाठ्या कोणीतरी आधी तपासल्या असणारच. त्या कोणाचीही नावे इतिहासाने राखली नाहीत. आज आम्ही लिहीत आहोत ते त्या निनावी हातांविषयी.

हे लिहिण्यास निमित्तही तसेच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कारवार येथे २१ मे २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका भारतीय नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील एका जहाजाच्या चित्रावरून तिची कल्पना घेतली गेली. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात करार झाला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बांधणीस आरंभ झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पाण्यात उतरली. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवण्यात आल्या. तिला इंजिन नाही. अशी ही नौका डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. या यशाचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटणे साहजिक आहे, आणि तो आम्हांसही आहे.

परंतु अभिमानाच्या भरात एक प्रश्न विसरला जातो. शिवलेले जहाज एकदा बांधून भागत नाही. फळ्या वाफेवर वाकवायच्या, त्यांच्या कडांना ओळीने भोके पाडायची, सांध्यावर नारळाच्या तंतूंची वळकटी अंथरायची, मग एक माणूस आतून आणि एक बाहेरून दोरी ओवीत, ताणीत, टाका घट्ट करीत जायचे आणि शेवटी भोके तंतू व राळेने बुजवायची, असे हे काम. खिळ्यांनी जखडलेल्या नौकेपेक्षा शिवलेली नौका लाटेच्या तडाख्यात अधिक लवचीक राहते, हा तिचा गुण. पण काथ्या झिजतो, ढिला पडतो, कुजतोही. ठरावीक काळाने प्रत्येक टाका पारखून जुना उसवावा आणि नवा घालावा लागतो. तो कोण घालणार? पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी कोण घालणार? जहाज बांधणे हा पराक्रम आहे. ते दर हंगामात सज्ज राखणे हे व्रत आहे, आणि व्रताला वारस लागतो.

साधी लाकडी शिडाची होडी हंगामासाठी सज्ज करणे म्हणजे काय, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रथम तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडून काढायचे. मग फळी न् फळी ठोकून पाहायची. ठणठणीत आवाज आला तर लाकूड निकोप, भद्द आवाज आला तर समुद्रातील किडीने ते आतून पोखरले असे समजायचे. ही कीड बाहेरून दिसत नाही, पण नौका काही काळ कोरडी राहिली किंवा नदीच्या गोड्या पाण्यात नेली तर मरते. पावसाळ्यात नौका वर ओढण्यामागे वादळाच्या भयाइतकाच हाही हेतू असे. त्यानंतर सांध्यांतला जुना कापूस व राळ काढून नवी भरायची, लाकडाला माशाचे तेल पाजायचे. डोलकाठीचा बुंधा जिथे बसतो ती खोबण ओलाव्याने कुजली आहे काय, सुकाणूच्या बिजागऱ्या सैल झाल्या आहेत काय, कप्पी अडखळते काय, हे सारे पाहायचे. शीड उन्हात पसरून शिवण पारखायची आणि दोराचा प्रत्येक वेढा उलगडून आतले तंतू पाहायचे, कारण दोर बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून तुटतो. एवढे करूनही नौका पाण्यात उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस पाणी झिरपतेच. लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि झिरपणे कोणते व गळणे कोणते हे ओळखावे लागते. यांतील बहुतेक गोष्टी पुस्तकात लिहिता येतात. शेवटची मात्र जाणत्याच्या शेजारी बसूनच कळते.

सह्याद्रीच्या माथ्यावर, बेळगाव-पणजी रस्त्यावर वसलेल्या रामनगरच्या वाचकाला यावर विचारावेसे वाटेल की, आम्हां डोंगरातल्या माणसांचा या होड्यांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. ज्या जोयडा तालुक्यात रामनगर आहे, त्याच तालुक्यात डिग्गीजवळ काली नदी उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ समुद्रास मिळते. उगमापासून मुखापर्यंत तिने आपला जिल्हा सोडलेला नाही. एकोणिसाव्या शतकात या खोऱ्यातील सागवान मुंबईच्या गोदीसाठी जात असे. ओंडके कालीच्या प्रवाहात सोडून सदाशिवगडापर्यंत तरंगत नेले जात. नौकेचे पहिले बंदर हे जंगल असते. डोंगरात झाड वाढले नसते तर किनाऱ्यावर जहाज उभे राहिले नसते.

पुढे कालीवर धरणे झाली आणि डोंगर व समुद्र यांमधील ही वाट बंद झाली. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले, आणि विस्थापित झालेल्या अनेक कुटुंबांनी रामनगरात नवे घर मांडले. तेव्हा काय बुडते आणि काय तरते, हे या गावाला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. घर बुडते, शेत बुडते, देवळाची पायरी बुडते. माणसाच्या हातातील कसब मात्र त्याच्याबरोबर नव्या गावी येऊ शकते. अट एवढीच की नव्या गावात त्याला काम मिळाले पाहिजे. काम न मिळालेले कसब एका पिढीत संपते आणि त्यासाठी कोणी नुकसानभरपाईचा अर्ज करीत नाही.

जंगल आणि जहाज यांचा संबंध आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने जाणला होता, याची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र विवेचन आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आरमार किल्ल्याच्या आश्रयाने सुरक्षित छावणीस न्यावे, याची चिंता तेथे आहे, आणि नौकांना लागणाऱ्या लाकडाचीही आहे. राज्यातील अरण्यांत सागवानादी वृक्ष आहेत, ते परवानगीने तोडावेत. पण आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तरच धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. नौदल हवे म्हणून रान उजाड करू नये आणि रान राखायचे म्हणून नौदल सोडू नये, असा हा समतोल आहे. कालीच्या खोऱ्यात आज व्याघ्र प्रकल्प आहे, आणि तेथील रानावर कुऱ्हाड चालवावी असे आम्ही चुकूनही सुचविणार नाही. परंतु लागवडीचे सागवान दांडेलीच्या सरकारी आगारात लिलावाने विकले जातेच. त्यातील अल्पसा वाटा लाकडी नौकांच्या दुरुस्तीसाठी रास्त दराने राखून ठेवणे अशक्य नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि त्यात तथ्य आहे. इंजिनाने आणि फायबरच्या होडीने मच्छीमाराचे कष्ट कमी केले, त्याचा जीव वाचविला, दरवर्षीच्या डागडुजीतून त्याला सोडविले. त्याने केवळ आमच्या सांस्कृतिक समाधानासाठी पुन्हा शीड उभारावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. आमची तशी मागणी नाही. ज्यांना पोट भरण्यासाठी समुद्रावर जावे लागते त्यांनी सोयीचे साधन वापरावे. पण शिडाच्या नौकेचे ज्ञान ज्यांना राष्ट्राचा वारसा म्हणून मिरवायचे आहे, त्यांनी त्या ज्ञानाचा खर्चही उचलला पाहिजे. मिरवणूक राष्ट्राची आणि उपासमार कारागिराची, ही वाटणी न्याय्य नाही.

इतर देशांनी हे कसे साधले ते पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कमधील रोस्किल्ड येथील संग्रहालयाने समुद्रातून काढलेल्या प्राचीन नौकांच्या प्रतिकृती बांधल्या, आणि त्यांतील एक मोठी नौका २००७ मध्ये शिडावर आयर्लंडमधील डब्लिनला जाऊन पुढच्या वर्षी परत आली. महत्त्वाचे हे की, तेथील नौका काचेआड ठेवलेल्या नाहीत. त्या संग्रहालयाचा स्वतःचा नौकाबांधणीचा कारखाना आहे. लाकूड, दोर, शीड यांचे काम तेथे लोकांच्या डोळ्यांसमोर चालते. उत्तर युरोपातील देशांच्या या नौकाबांधणी परंपरेस २०२१ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडेही आशादायक उदाहरणे आहेत. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तत्पूर्वी बांधणीच्या काळात तिचा प्रत्येक भाग त्यांनी जवळून समजून घेतला होता. मध्यसमुद्रात काही बिघडले तर हाक मारायला कोणी नसते, ही जाण त्यामागे होती. याच गोदीतल्या ‘तारिणी’वरून नौदलातील महिलांनी २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा पूर्ण केली.

यास्तव आमचे म्हणणे नेमके असे आहे. ‘कौंडिण्य’ची दर हंगामातील डागडुजी बंद दाराआड न होता कारवारला, एका कायम कार्यशाळेत, शिकाऊ उमेदवारांच्या हातून व्हावी. काथ्याचा टाका घालणारे, लाकूड पारखणारे, शीड शिवणारे जे थोडे जाणते उरले आहेत, त्यांना मानपत्र व शाल देऊन वाटेला न लावता मासिक वेतनावर शिक्षक म्हणून नेमावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या अभ्यासक्रमात लाकडी नौकेच्या बांधणीस जागा द्यावी. आणि या उमेदवारांत किनाऱ्यावरील मुलांबरोबर रामनगर, जोयडा, लोंढा या घाटमाथ्यावरील गावांच्या मुलांना आवर्जून घ्यावे. ज्यांच्या घरादारांवरून जलाशयाचे पाणी फिरले त्यांच्या मुलांना नदीच्या मुखाशी एक नवे कसब मिळाले, तर ती दया होणार नाही; ते जुन्या देण्याची अल्पशी फेड ठरेल.

सरकारने काय करावे हे सांगताना आपले काय, हेही विचारले पाहिजे. मुलाने हातात रंधा धरला की घरात शोक करायचा आणि अजिंठ्याच्या चित्रातील जहाज पाहून अश्रू ढाळायचे, असे आपण फार काळ केले. अजिंठ्याच्या चित्रकाराने जे जहाज रंगविले तेही कोणत्या तरी सुताराने बांधले होते, कोणा दोरवळ्याने आवळले होते, आणि प्रत्येक हंगामापूर्वी कोणीतरी त्याच्या तळाशी वाकून फळीवर बोटे वाजवून पाहिली होती. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही एक जुने सागवानी जहाज पाण्यावर आहे. ‘ट्रिंकोमाली’ हे त्याचे नाव, आणि ते १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधले गेले. दोनशे वर्षे ते टिकले याचे श्रेय आपण आपल्या सागवानाला देतो. अर्धे श्रेय त्या परक्या बंदरातल्या लोकांचे आहे, ज्यांनी ते जीर्ण झाल्यावर वर्षानुवर्षे खपून पुन्हा उभे केले.

येत्या ज्येष्ठात नौका पुन्हा किनाऱ्यावर चढतील आणि श्रावणात पुन्हा उतरतील. त्या काळात त्यांच्याभोवती किती तरुण हात काम करताना दिसतात, यावरून आपल्या सागरी वारशाची खरी मोजदाद होईल.